विहिरींचा फोल्डर

मुखेडजवळच्या आमच्या गावात अमावास्येला औत धरत नाहीत. माणसं निवांत सापडतात, म्हणून माझे पती, गावच्या शाळेतले गुरुजी, त्या दिवशी दोर घेऊन अठरा विहिरींचं पाणी मोजत आणि संध्याकाळी आकडे संगणकात भरत. एकदा मदत म्हणून मी विहिरींची नावं वर्णानुक्रमे लावली. नावांचा रकाना तेवढा हलला, आकडे जागच्या जागी राहिले. कोरड्या विहिरींना पाणी लागलं. जुन्या वहीवरून सगळं दुरुस्त करायला त्यांना आठवडा लागला. "तू आपली पुस्तकं वाच," एवढंच ते म्हणाले, आणि फोल्डर फक्त त्यांच्या लॉगिनमधून उघडेल असा करून टाकला.

ते गेले आणि दोन अमावास्या मोजणीविना सरल्या. मग त्यांचा संगणकही बंद पडला. उदगीरच्या दुरुस्तीवाल्या चाचांनी त्यातली हार्ड डिस्क काढून माझ्या संगणकाला जोडली. फोल्डर दिसला. उघडू गेले, तर परवानगी नाही.

"पासवर्ड लागेल का, चाचा?"

"न्हाई बाई. कुलूप न्हाई हाय त्याला. फोल्डर तुमाला वळखून नाही राहिला, बस." त्यांनी फोल्डरच्या मालकाचं नाव दाखवलं. तिथे नुसता लांबलचक आकडा होता.

"हे गुरुजी?"

"हाव. तुमची मशीन त्यांना वळखत न्हाई, म्हणून नुसता नंबर. इथं तुमचं नाव टाकायचं, मग परवानगी द्यायची."

मी माउसवरचा हात काढला. गुरुजींनीच मला बाहेर ठेवलं होतं, हे मी चाचांना सांगितलं, का, तेही.

चाचा हसले. "लई पाणी लावलं की तुमी! सरकारला जमलं न्हाई ते." मग हळूच म्हणाले, "मालक बदलला तरी आतलं लिहिलेलं तसंच ऱ्हातंय. गुरुजींनी एवढं मोजलं, ते काय बंद ठिवायला?"

मी नाव टाकलं. फाइल उघडली. अठरा नावं त्यांच्याच क्रमाने उभी होती.

पुढच्या अमावास्येला मी दोर घेऊन निघाले. दोराला त्यांच्या हाताच्या मापाच्या गाठी आहेत. माझा हात आखूड, म्हणून मी गाठीच मोजल्या. संध्याकाळी हुकलेल्या अमावास्यांचे दोन रकाने रिकामे सोडून तिसऱ्यात अठरा आकडे भरले. नावांना हात लावला नाही.