सामान ठेवा, एक सूर द्या

तुमच्या आईचे वडील, म्हणजे तुमचे बोईसरचे आजोबा आणि माझे व्याही, यांच्याइतकं कुलपावर प्रेम करणारा माणूस पालघर जिल्ह्यात झाला नाही, आणि आज कुलपाचा त्यांच्याइतका राग करणाराही दुसरा कोणी नाही. दोन्ही विधानं मी विचार करून केली आहेत. एका कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि तिथली शिस्त ते रोज संध्याकाळी घरी घेऊन येत. साखरेच्या डब्याला कुलूप, अंगणातल्या नळाला कुलूप, टीव्हीच्या कपाटाला कुलूप. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, त्यामुळे ते येत असल्याचं बैलगाडीसारखं लांबून कळे. तुमच्या आईबाबांच्या लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे पालघरला जेवायला आले आणि जाताना सवयीनं आमच्या फाटकाला बाहेरून कुलूप घालून किल्ली बोईसरला घेऊन गेले. तुमच्या इथल्या आजोबांना साठी उलटल्यावर कुंपण चढून दूध आणायला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी व्याही चिकूंची टोपली घेऊन माफी मागायला हजर. चिकूंच्या खाली एक नवंकोरं कुलूप होतं. "तुमचं फारच हलकं आहे, विहीणबाई," म्हणाले. "लावताना मलाच लाज वाटली."

सगळ्यात मोठं कुलूप पियानोला होतं. तारापूरच्या एका जुन्या बंगल्यातले लोक घर आवरून निघाले, तेव्हा व्याह्यांनी तो विकत घेतला. तुमची आई तेव्हा आठ वर्षांची होती. रविवारी सकाळी एक तास तो उघडे. त्याआधी तिनं साबणानं हात धुवायचे, दोन्ही बाजूंनी दाखवायचे, मग नखं दाखवायची. बहुतेक वेळा परत धुऊन यावं लागे, आणि तासातली पंधरा मिनिटं मोरीतच जात. आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी कुलूप काढलं, तिनं हात दाखवले, चार मिनिटं फार सुंदर वाजवलं, आणि आमच्या टाळ्या थांबायच्या आत झाकण बंद होऊन कुलूप लागलंसुद्धा. घरी येताना तुमच्या बाबांनी एवढंच विचारलं, "आई, तिला तिथून बाहेर काढायला हवं ना?"

चार वर्षांपूर्वी व्याही तुमच्याकडे परदेशी राहायला आले होते. तुमच्या रेल्वे स्टेशनात एक पियानो ठेवलेला आहे. वाटेल त्यानं बसावं आणि वाजवावं. तुम्हाला त्याचं नवल नसेल. व्याही मात्र अर्धा तास तिथून हलले नाहीत. आधी पोलीस कधी येतो त्याची वाट बघितली. पोलीस आला नाही, रंगकाम करणारा एक माणूस आला. कोपरापर्यंत रंगाचे ओघळ, तशाच हातांनी वाजवून निघून गेला. व्याही तुमच्या आईला म्हणाले, "तूपण बस ना." ती दोन पावलं पुढे गेली, आपले तळवे बघितले आणि मागे आली. "हात धुतलेले नाहीत, बाबा." चाळिशीची बाई! परत आल्यावर मला हे सांगताना त्यांनी चहाला हात लावला नाही.

त्यानंतर आठ दिवसांत घरातली सगळी कुलपं निघाली, आणि पियानो चार हमालांच्या खांद्यावरून नाक्यावरच्या एसटीच्या निवाऱ्यात जाऊन बसला. सरपंचांनी विचारलं, "वाजवणार कोण?"

"कोणीही."

"आणि मोडला तर जबाबदार कोण?"

"तेही कोणीही."

सरपंचांनी पुढे विचारायचं सोडून दिलं. समुद्राकडच्या दमट हवेनं पट्ट्या फुगतात, म्हणून व्याह्यांनी चहावाल्याकडून वायर ओढून पियानोच्या पोटात एक बल्ब लावला. मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. संध्याकाळी फटींतून उजेड झिरपायला लागला, तसे लोक जाता-येता हात जोडू लागले. तिसऱ्या दिवशी वर जास्वंदीचं फूल आणि अर्धा नारळ. व्याह्यांनी नारळ घरी नेऊन चटणी केली.

वाजवायला मात्र कोणी धजेना. उलट छातीएवढ्या उंचीची आयती फळी मिळाली म्हणून तिच्यावर डबे, पिशव्या, चिकूच्या करंड्या येऊन बसल्या. नवापूरहून मासळी घेऊन येणारी एक बाई तर फारच खूश झाली. डोक्यावरची पाटी उतरवायला एरवी दुसऱ्याला बोलवावं लागतं. पियानोवर ती तिला एकटीला उतरवता येई. "बाबा, तुमची पेटी लय कामाची हाय," तिनं व्याह्यांना शाबासकी दिली. जुने व्याही असते तर तिथेच कोसळले असते. हे म्हणाले, "खुशाल ठेव. पण सामान ठेवलं की एक सूर द्यायचा."

"माजे हात म्हावऱ्याचे हायत, बाबा."

"म्हणून तर."

तिनं पहिला सूर कोपरानं दिला. तेव्हापासून हा नियमच झाला. कारखान्यातली मुलं पाळीवर जाताना विचारीत, "चाचा, हेल्मेट का भी लगेगा?" "हेल्मेट का दो! एक इस हाथ से, एक उस हाथ से!" सहा महिन्यांत ती मासेवाली एका बोटानं लग्नातलं गाणं वाजवायला लागली, आणि बसची वाट बघणाऱ्या बायका ते म्हणायला लागल्या. दोन पट्ट्यांमध्ये खवले अडकलेले मी स्वतः पाहिले आहेत.

"व्याही, निदान एक फडकं तरी ठेवा," मी म्हटलं.

"फडकं ठेवलं की लोक आधी हात पुसतील. मग धुतील. मग येणारच नाहीत." मग म्हणाले, "माझी मुलगी एकदा इथे तशीच येऊन बसली पाहिजे, विहीणबाई. बाकी सगळं त्यासाठी."

"मग तिला फोनवर सांगा की!"

"छे. मी सांगितलं की ती आधी हात धुवायला जाईल."

गेल्या डिसेंबरात तुम्ही आलात, तेव्हा मीही तुम्हाला घ्यायला आले होते. नाक्यावर उतरल्याबरोबर तुम्ही दोघं बाबांबरोबर गोळा खायला पळालात. म्हणून पुढचं तुम्हाला माहीत नाही, आणि म्हणूनच मी हे लिहिते आहे. तुमच्या आईनं त्याच बाईकडून कोलंबी घेतली, एकेक उचलून पारखून घेतली, आणि पैसे काढायला पिशवी क्षणभर पियानोवर ठेवली.

"काय गो बाय, सूर कोण देल?"

"कसला सूर?"

"सामान ठेवलंस ना? मग दे एक. आमी सगळी देतो."

"अहो, हात बघा माझे. कुठे धुवायला—"

"नळ हाय, पाणी नाय. आनि माजे काय अत्तराचे हायत?"

तुमच्या आईनं मागे वळून बघितलं. व्याही निवाऱ्याच्या खांबाआड लपले होते. खांब चार इंची, आणि व्याही कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. तिला ते दिसले असणारच. तिनं एक सूर दिला. मग दुसरा. तिसरा उभ्याउभ्याच, आणि मग स्टुलावरचं कोणाचं तरी हेल्मेट खाली ठेवून ती बसली. तेच चार मिनिटांचं वाजवलं, फक्त मध्ये दोनदा विसरली आणि दोन्ही वेळा हसली. बस आली होती. मासेवालीनं कंडक्टरला नुसता हात दाखवून थांबवून ठेवलं.

ती उठली तेव्हा पांढऱ्या पट्ट्यांवर कोलंबीच्या बोटांचे ठसे होते. मी पर्समधून रुमाल काढला. तुम्ही मला ओळखताच.

"राहू द्या, विहीणबाई," व्याही खांबाआडून म्हणाले.

मग मी तो रुमाल त्यांनाच नेऊन दिला. त्यांनी तो अजून परत केलेला नाही, आणि मीही मागितलेला नाही.