ट्रकच्या टपावरची गादी

खच्चून माल भरलेला डिझेल ट्रक आउटोबानवर, म्हणजे जर्मनीतल्या हायवेवर, कमी इंधनात जास्त चांगला कसा पळेल, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा विश्वास बसणार नाही. (पगार अजूनही मिळतो. ऑफिसात मराठी वाचणारं कोणी नाही!)

माझ्या नव्या नोकरीसाठी आम्हाला वाल्डॉर्फहून म्युनिकला बिऱ्हाड हलवायचं होतं. आम्ही म्हणजे मी, माझी बायको मुग्धा आणि कोल्हापूरहून आमच्याकडे राहायला आलेले माझे सासरे, नाना. नानांनी जन्मभर विमा विकला. त्यामुळे समोरच्याला प्रश्न विचारत राहणं हा त्यांचा श्वासोच्छ्वास होता.

"सामान न्यायला माणसं लावू या का?" मुग्धानं विचारलं.

"माणसं? अगं, मी ट्रकचा इंजिनियर आहे!"

"तू कॉम्प्युटरवरच्या ट्रकचा इंजिनियर आहेस."

मी ते वाक्य ऐकलं नाही असं दाखवलं आणि एक छोटा ट्रक भाड्याने आणला. पुढे तीन माणसांची केबिन, मागे उंच चौकोनी डबा. जर्मनीत घर सोडताना बरेच लोक आपलं स्वयंपाकघरसुद्धा उचकटून सोबत नेतात, हे नानांना पटेना. "भिंती ठेवतात ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं. त्यात मुग्धानं हौसेनं ग्रॅनाइटचा ओटा बसवून घेतला होता. तो ओटा, कपाटं, वॉशिंग मशीन, पुस्तकं, इडलीचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर असं सगळं आत गेलं. ट्रक मागच्या बाजूनं उकिडवा बसल्यासारखा दिसायला लागला.

आणि डबल बेडची गादी बाहेरच राहिली!

कुठल्याही शहाण्या माणसानं गादी तिथेच सोडली असती. मी ट्रककडे बघत विचार करत उभा राहिलो. केबिन बुटकी, मागचा डबा उंच. म्हणजे वारा केबिनवरून सरकणार आणि डब्याच्या सपाट छातीवर धाडकन आपटणार. इंजिनाची अर्धी ताकद वारा ढकलण्यातच जाणार! मोठ्या ट्रकच्या टपावर म्हणूनच एक तिरका पंख असतो. तो वाऱ्याला अलगद वर उचलून देतो.

"नाना, ही गादी नाही," मी म्हणालो. "हा पंख आहे."

नानांचे डोळे चमकले. "असं? मग विमानासारखा उडणार नाही ना ट्रक?"

"उलट, तरंगल्यासारखा पळेल! डिझेलही वाचेल."

"किती वाचेल?"

"तेच बघायचंय!" मी म्हणालो. आता मलाही खरोखर उत्सुकता लागली होती. आम्ही दोघांनी गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळून केबिनच्या टपावर तिरकी बांधली. पट्टे मी स्वतः आवळले. मुग्धा हाताची घडी घालून बघत होती.

"अमोल, हे कायद्यात बसतं का?"

"विज्ञानात बसतं," मी म्हणालो.

सुरुवातीला ट्रक झकास पळाला. वरून एक मंद 'भों' असा आवाज यायचा. "वारा वर सरकतोय, त्याचा आवाज," मी नानांना समजावलं. नानांनी मान डोलावली आणि टॉर्क म्हणजे काय ते विचारलं. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण फिरवायला जो जोर लागतो, तो टॉर्क, असं मी सांगितलं. नाना म्हणाले, "मग तो आमच्याकडे सुमनला जास्त होता." (सुमन म्हणजे माझ्या सासूबाई.)

श्टुटगार्टच्या पुढे पाऊस लागला आणि 'भों'चा 'भ्भॅऽऽ' झाला. मग वर काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला, आणि ट्रकची पळायची इच्छाच संपली. मी पाय पार खालपर्यंत दाबला, तरी वेगाचा काटा खालीच.

"काय झालं?" मुग्धानं विचारलं.

"गेनाऊ, अगदी तेच बघतोय. टर्बो असेल. किंवा एअर फिल्टर."

आणि नेमका तिथेच घाट सुरू झाला! उलमकडे जाताना आउटोबान सरळ डोंगरावर चढतो. मी गिअर उतरवत उतरवत दुसऱ्यावर आलो. चाळीस टनी ट्रक आम्हाला मागे टाकून जायला लागले. मग एक आजोबा-आजींची कॅम्पिंग गाडी गेली. आजींनी आमच्या टपाकडे बोट दाखवून जोरजोरात हात हलवले.

"किती प्रेमळ लोक!" नाना म्हणाले आणि त्यांनीही हात हलवला. पुढच्या गाडीनं दिवे मारले, तिच्या मागच्यानं हॉर्न वाजवला. नाना सगळ्यांना हात हलवून दमले. मीसुद्धा दोघातिघांना अंगठा दाखवला. मला वाटलं, जर्मन माणसाला इंजिनियरिंगची कदर असते!

"एसी बंद करा," नाना म्हणाले. केला. "मोबाईलचं चार्जिंग काढा." काढलं. "मी जरा पुढे वाकून बसू का?" खरं सांगतो, आम्ही तिघंही पुढे वाकून बसलो! त्यानं काहीही होत नाही, हे मला पदवीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. तरी मी सगळ्यांत जास्त वाकलो होतो.

"मी उतरून चालत पुढे जाते," मुग्धा म्हणाली. "म्युनिकच्या घरमालकीणबाई संध्याकाळी सुट्टीवर निघताहेत. आज किल्ली मिळाली नाही तर त्या परत येईपर्यंत ह्या ट्रकमध्ये राहायचंय आपल्याला. आहे लक्षात?"

तेवढ्यात निळे दिवे लावलेली पोलिसांची गाडी आम्हाला ओलांडून पुढे आली. तिच्या मागच्या काचेत 'बिट्टे फोल्गन' अशी लाल अक्षरं पळायला लागली. मागून या!

"आपल्याला वाट काढून देताहेत का?" नानांनी विचारलं.

पार्किंगमध्ये थांबलो, उतरलो आणि वर बघितलं. पुढचा पट्टा निसटला होता. प्लास्टिकच्या चिंध्या झाल्या होत्या. आणि आमची गादी, पावसाचं पाणी पिऊन टम्म फुगलेली, केबिनच्या डोक्यावर ताठ उभी होती. शिडासारखी! फरक एवढाच, की शिडाला वारा मागून लागतो. म्हणजे आख्खा घाट मी एक भिंत छातीवर घेऊन चढत होतो.

दोन पोलीस होते. एक तरुण, एक मिशीवाला. मिशीवाल्यानं बराच वेळ गादीकडे बघितलं. "आल्झो, तर मग," तो म्हणाला, "हे काय आहे?"

मी हवेचा अवरोध, केबिनची उंची, पंखाचा कोन, सगळं जर्मनमध्ये समजावलं. तो शांतपणे ऐकत होता.

"आपण काय काम करता?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण मुग्धानंच सांगून टाकलं, "ट्रकची हायवेवरची कामगिरी सुधारतात!"

तरुण पोलीस तोंड वळवून खोकायला लागला. मिशीवाल्यानं मात्र मनापासून विचारलं, "मग? सुधारली का?"

त्यांनी ट्रकचं वजन केलं. ओट्यानं घात केला होता. जास्तीचं सामान उतरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, शिवाय दंड! उलमचा माझा मित्र कौस्तुभ आपली गाडी आणि ट्रेलर घेऊन धावत आला. आम्ही चौघांनी तो ओटा भर पावसात ट्रेलरवर चढवला. गादी त्याच्यावर. तिच्यातून वाहणारं पाणी थांबेना.

मुग्धानं घरमालकीणबाईंना फोन लावला. ती रडवेली होऊन खरं ते सगळं सांगत होती. पलीकडे आधी हसू, मग प्रश्नांवर प्रश्न. गादी उभी कशी राहिली? पोलीस काय म्हणाले? फोन ठेवून मुग्धा म्हणाली, "त्या थांबताहेत. त्यांना गादी बघायचीय."

आम्ही पोचलो तेव्हा बाई बॅगा भरून दारातच उभ्या होत्या. त्यांनी गादीभोवती एक फेरी मारली, बोटानं दाबून बघितलं, किल्ली मुग्धाच्या हातात ठेवली आणि मला म्हणाल्या, "घरात काही दुरुस्ती करावीशी वाटली, तर आधी मला फोन करा."

दुसऱ्या दिवशी जमिनीवर झोपून आखडलेली पाठ चोळत मी चहा करत होतो. बाहेर नाना कोल्हापूरच्या मित्रांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. "अहो, काय मान आहे आमच्या जावईबापूंना इथे! हायवेनं निघालो, तर रस्त्यातली माणसं गाड्यांतून हात हलवतात! आणि पुढे कोण? निळे दिवे लावून पोलिसांची गाडी!"

मी त्यांना खरं काय ते सांगायला बाहेर गेलो होतो. पण नानांनी फोन माझ्याकडे वळवला, पलीकडून चार म्हाताऱ्यांनी हात जोडून नमस्कार केला, आणि मी गंभीर चेहऱ्यानं तो स्वीकारला.