शेखची मोठी बॅग

माझी उशी हरवली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. मुलांना बोलले, सुनेला बोलले. आमचे अबू यारुब मात्र कॉफी पीत गप्प. बत्तीस वर्षं संसार केलाय मी. हा माणूस गप्प बसला की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय.

लष्करात जखमींची मलमपट्टी करून निवृत्त झालेत ते. म्हणून डोंगरातल्या आमच्या गावात अपघाताच्या बॅगा तेच भरतात. खजुरीवर चढणाऱ्यांना, शेळ्या राखणाऱ्यांना छोटी: हातमोजे, जाड पट्ट्या, बँडेज. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला मधली: मोडलेल्या हाडाला बांधायच्या फळ्या, ऑक्सिजन. आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंना मोठी, सुया-नळ्या-औषधांची. "ज्याला जे वापरता येतं, तेवढंच त्याच्या हातात." हे वाक्य ते झोपेतही बडबडतात.

एक दिवस आमच्या गावचे प्रमुख, शेख मुहन्ना आले. कमरेला खंजर, अंगाला अत्तर. छोटी बॅग बघून नाक मुरडलं.

"ही शेळ्यांमागे ठीक आहे रे. माझ्या बैठकीत चार गावचे पाहुणे येतात. शेखला एवढीशी पिशवी?"

"पण शेख, मोठीतल्या नळीचं तुम्ही करणार काय?"

"भिंतीला टांगणार!"

आता दारात आलेल्या शेखला नाही कोण म्हणणार? दोन दिवसांनी मोठी बॅग गेली. चांगली टम्म फुगलेली. बैठकीत दिमाखात लटकली.

मग खजूरतोडणी आली. अबू यारुब निझवा शहराला गेलेले. मी झाडाखाली खजूर वेचत होते, आणि शेखच्या धाकट्या भावाचा, खल्फानचा, दंड कोयत्यानं फाटला. रक्ताची चिळकांडी उडाली. शेख धावत बॅग घेऊन आले, चेन ओढली. आत हातमोजे, जाड पट्ट्या, बँडेज. आणि बाकी सगळी माझी फुलाफुलांची उशी!

"अगं बाई, माझी उशी!" मेली जीभ, त्या रक्तातही राहवलं नाही मला.

"अबू यारुब, बघतोच तुला!" शेख गरजले. पण शोधायला दुसरं होतंच काय? पट्टी घेतली, अबू यारुब गावात सगळ्यांना शिकवतात तशी दोन्ही हातांनी दाबली. खल्फानचा हात उशीवर उंच ठेवला. ड्रायव्हर येईपर्यंत, वीस मिनिटं, दाब सोडला नाही. ओठांनी दुआ, डोळ्यांतून धारा. पुढचं ड्रायव्हरनं आणि नर्सबाईंनी सांभाळलं. खल्फान वाचला.

दुसऱ्या दिवशी अबू यारुब निझवाहून परतले, तोच शेख हलव्याचं ताट घेऊन दारात. मी लगबगीनं आत सरकले.

"फसवलंस मला," ते अबू यारुबना म्हणाले.

"फसवलं, शेख."

"नळ्या असत्या ना, तर मी त्याच उपसत बसलो असतो. आणि तो गेला असता." त्यांनी डोळे पुसले. मग आवाज खाली आणला. "परत भरून दे. तश्शीच. कुणाला सांगू नकोस."

"आणि माझी उशी?" मी आतून विचारलं.

"धुतलीय, उम्म यारुब. पण तिच्यावर माझ्या भावाचा हात होता. ती बॅगेतच राहू दे."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी गप्प बसले.