काकडं राखून ठेवा

मला बघायला आलेली मंडळी गेली आणि आमच्या घरात सगळे कोड्यात पडले.

आम्ही भातसानगरच्या वसाहतीत राहायचो. वडील धरणावर नोकरीला, मूळचे सांगलीकडचे. स्थळ होतं मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याचं. होळी नुकतीच झाली होती. मुलगा मला आवडला होता. पोहे खाताना त्याला ठसका लागला, तेव्हा घाईघाईत तो माझ्या वडिलांचाच चहा पिऊन मोकळा झाला. मला हसू आवरलं नाही. मग तोही हसला.

अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. त्यांनी मला ना शिक्षण विचारलं, ना स्वयंपाक. निघताना मात्र अंगणातल्या झाडाकडे मान वर करून बघत राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "काकडाला फुलोरा चांगला हाय. शेवळं निघाली की आमाला काकडं लागतील. राखून ठेवा, कोणाला देऊ नका." एवढं बोलून गाडीत बसल्या.

"मुलीबद्दल एक शब्द नाही," वडील म्हणाले. "फळं मागून गेल्या."

"नकार द्यायची ही रीत असेल त्यांच्याकडची," आई म्हणाली.

ते झाड आम्हाला फक्त कपड्यांची दोरी बांधण्यापुरतं ठाऊक होतं. वडील दुसऱ्या स्थळाचा नंबर शोधू लागले. मी ताटल्या परत करायच्या निमित्ताने शेजारच्या काकूंकडे गेले. काकू शहापूरजवळच्या गावातल्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "काय बोलली ती? जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं. काकूंनी तांदूळ पाखडायचं सूप बाजूला ठेवलं.

"अगो, पसंत हायस तू."

त्या मला हाताला धरून घरी घेऊन आल्या आणि वडिलांसमोर बसल्या. "शेवळं म्हणजे रानभाजी. पावसाच्या तोंडाला निघते. नुसती केली तर घसा खाजतो, काकडाची आंबट फळं घातली की खाज मरते. त्याला अजून किती महिने हायत. तवर येणंजाणं ठेवायचं नसतं, तर ती राखायला कशाला सांगेल? आणि असं हक्काने सोयऱ्याकडंच मागतात."

"एवढं सगळं त्या दोन वाक्यांत होतं?" वडिलांनी विचारलं.

"व्हतं की. तुमाला शेवळंच ठाऊक नायत, मग कसं कळणार?"

वडिलांनी फोन खाली ठेवला, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. पुढच्या आठवड्यात मुलाच्या काकांचा फोन आला. आवाज जरा नाराज होता. "वहिनींनी त्याच दिवशी होकार सांगितला ना तुमाला? आमी वाट बघतोय. साखरपुड्याचं काय ते बोला."

वैशाखात लग्न झालं. तेव्हापासून वडिलांनी धसकाच घेतला, की या माणसांचं काहीतरी आपल्याला कळायचं राहून जाईल. मी सासरी येऊन थोडेच दिवस झाले असतील, त्यांचा फोन आला.

"तुझ्या सासूबाई लग्नात म्हणाल्या, तुमच्याकडचं पाणी गोड हाय. म्हणजे काय? शेजारच्या काकूंनाही सांगता येत नाहीये. काही मागणं आहे का?"

सासूबाई वाल सोलत होत्या. मी त्यांना विचारलं. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

"पाणी गोड व्हतं, म्हणून बोलली," त्या म्हणाल्या.

मी वडिलांना तसंच सांगितलं.

"तू अजून नवीन आहेस तिथे," ते म्हणाले. "चार दिवसांनी पुन्हा विचारून बघ."