फाशिंगचे सहा डोनट

कॅनडात, किचनरला आमच्या शेजारी एक जर्मन आजीबाई राहायच्या. ऐंशी ओलांडलेल्या, नवरा गेलेला. त्या हिवाळ्यात त्यांच्या हातून दोनदा स्टोव्ह चालू राहिला होता, आणि मुलाने बजावलं होतं, आता पुन्हा काही विसरलीस तर घर विकायचं आणि वृद्धाश्रम. तेव्हापासून त्या दिवसातून चारदा स्टोव्ह तपासायच्या आणि तसं मला फोन करून कळवायच्याही. मी वैतागायचे, पण फोन उचलायचे.

दोन हजार सतरा साली, राखेच्या बुधवारच्या, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ लागतो त्या दिवसाच्या, आदल्या दुपारी, त्या सहा डोनट घेऊन आल्या. माझी आई नुकतीच वसईहून आली होती.

"आज फाशिंगचा शेवटचा दिवस," बाई म्हणाल्या.

मी अर्थ विचारला मात्र, बाई सरसावून बसल्या. जुन्या जर्मनमध्ये म्हणे उपवास लागण्याआधी शेवटची दारू ओततात, त्यावरून हा शब्द आला. नवरा दुसऱ्या प्रांतातला, तो फास्टनाख्ट म्हणायचा, म्हणजे उपवासाची आदली रात्र. "पन्नास वर्षं भांडलो आम्ही यावर!" शेकडो वर्षांपूर्वीचा शब्द बाईंना पाठ, आणि सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही.

मी आईला सगळं समजावलं.

"अगं, मग ही गटारीच की!" आई खूश झाली. श्रावण लागायच्या आधी आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडे काय धमाल उडते, ते तिला चांगलंच ठाऊक.

आईने दोन खाल्ले, मी चार. उद्यापासून उपवासकाळ म्हटल्यावर हात कोण आखडता घेतो? बाईंना शुगर, त्या नुसत्या आमच्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या. प्लेट रिकामी झाली आणि त्यांचा चेहरा पडला.

"एकात जॅमऐवजी मस्टर्ड भरायचं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "ज्याला ते मिळतं तो ओरडतो, बाकीचे हसतात. दरवर्षी भरते मी. आज विसरले." मग माझा हात धरून म्हणाल्या, "माझ्या मुलाला सांगू नकोस."

आई विचारत राहिली, "काय झालं गं?" म्हणून तिलाही सांगितलं.

तिने कपाळावर हात मारला. "अगं, ते मी खाल्लं! नाकात झिणझिण्या आल्या माझ्या. म्हटलं, यांच्यात असंच करत असतील. कुणी एवढं प्रेमाने आणलेलं टाकायचं कसं?"

मी ते बाईंना सांगितलं, पण त्यांना पटेना. "मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

मी ते आईला सांगितल्यावर तिने स्वेटरची बाही त्यांच्यापुढे धरली. तिने गुपचूप तोंड पुसलं होतं, त्याचा पिवळा डाग होता. बाईंनी बाही नाकाशी नेली, वास घेतला आणि हसत सुटल्या. आईही हसायला लागली. मी मात्र रडत होते.

मग बाईंनी माझा फोन मागितला आणि मुलाला लावला.

"मी मस्टर्ड भरलं होतं," त्या म्हणाल्या. त्याला काहीच कळलं नसावं, कारण त्यांनी ते पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश.