लोलाच्या बारा गाय

माणूस भेटला की आधी त्याचं गाव विचारायचं, ही आपली रीत. नाव मागाहून कळलं तरी चालतं. गाव कळलं की पाणी कसलं, तिखट किती, बोलताना हात किती उडतात, सगळा उलगडा होतो. जर्सी सिटीच्या या उंच इमारतीत आमचा जन्म गेला, पण माझी ती सवय गेली नाही. लिफ्टमध्ये मी अमेरिकन माणसाला पण गाव विचारतो. तो ‘ओहायो’ म्हणतो. मी म्हणतो, अरे बाबा, तो जिल्हा झाला.

मी पूल बांधणारा इंजिनियर. आता रिटायर झालोय, तरी हडसन नदी अजून मला विचारल्याशिवाय वळत नाही. बायको म्हणते, ती इथे मुळातच सरळ वाहते. असेल.

तर एके दिवशी जेवताना मुलीने सांगितलं, लग्न ठरवलंय. मी वरणाचा चमचा खाली ठेवला.

“गाव कोणतं?”

“जर्सी सिटी.”

“ते राहण्याचं झालं. मूळ गाव?”

“बाबा, तो इथेच बॉर्न आहे. त्याची आई फिलिपीन्सची आहे.”

“फिलिपीन्स हा देश. गाव?”

“सम स्मॉल टाउन. रविवारी तो येतोय, तूच विचार त्याला. बट प्लीज, नो स्टोरीज.”

रविवारी मुलगा आला. खांदे असे, की दारातून येताना तिरपा होऊन आत आला. निदान मला तसंच आठवतंय. मुलीने त्याला चार मराठी शब्द पढवून आणलं होतं. “नमस्कार काका, नमस्कार काकू,” म्हणाला. भाजी खाल्ली आणि “छान आहे” म्हणाला. बायको विरघळली. मी पुलाच्या खांबासारखा बसून राहिलो आणि गाव विचारलं.

गावाचं नाव एका संताचं निघालं. त्या देशात त्याच संताच्या नावाची गावं इतकी आहेत, की पोस्टमन लोक म्हणे तरुणपणी पत्र घेऊन निघतात आणि म्हातारपणी पोचतात. म्हणून नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही. गाव म्हणजे एक छोटीशी म्युनिसिपालिटी. मागे डोंगर, पुढे समुद्र, मधे भाताची शेतं. तिथे त्याची आजी राहते. आजीला ते लोक ‘लोला’ म्हणतात. सगळ्यांच्याच आज्या लोला.

“आणि लोलाच्या बारांगाय,” तो इंग्रजीत बोलता बोलता म्हणाला, “सगळ्या तिची वाट बघतायत. तिला बघायला,” असं म्हणून त्याने आमच्या मुलीकडे बोट दाखवलं.

आता बघा. जो मुलगा ‘नमस्कार काका’ म्हणतो, ‘छान आहे’ म्हणतो, तो ‘बारा गाय’ म्हणाला तर मी काय समजणार? व्याकरण चुकलं होतं, ‘बारा गायी’ हवं होतं. पण परक्या जिभेला अनेकवचन कुठून जमणार? मला उलट कौतुक वाटलं. आमच्यासाठी पोरगा गायीचा शब्द शिकला.

“एकूण किती आहेत तिकडे?” मी विचारलं.

“बारांगाय? पूर्ण गावात वीस-बावीस असतील, काका.”

मी मनात गुणाकार केला. इंजिनियर आहे, हात आपोआप चालतो. वीस-बावीस वेळा बारा. गाव नव्हतंच ते, गोकुळ होतं. दुसऱ्या दिवशी नदीकाठी फिरायला येणाऱ्या आमच्या रिटायर्ड मंडळींना मी सहज सांगितलं, व्याही दुधाच्या धंद्यात आहेत. दोन चकरा होईपर्यंत त्या गावातून राजधानीला दुधाची आगगाडी सुटत होती. मी फक्त इंजिन जोडलं. डबे बाकीच्यांनी जोडले.

घरी आलो तर मुलगी लॅपटॉपवर त्या गावाची माहिती आईला दाखवत होती. वर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: फोर्थ क्लास म्युनिसिपालिटी.

“म्हणजे?” मी म्हटलं. “चौथा वर्ग? आमच्या वडिलांच्या कचेरीत चौथ्या वर्गात शिपाई असायचे. अख्खं गाव शिपाई?”

“अहो, तो उत्पन्नाचा वर्ग असेल,” बायको म्हणाली. “तुमच्या गावची नगरपालिका कोणती? ‘क’ वर्ग ना?”

“क म्हणजे तिसरा. एक पायरी वर.”

“हो, तेवढ्यावर गावातली गटारं वाहतात का?”

मला कळेना. एवढ्या गायी असून उत्पन्न चौथ्या वर्गाचं कसं? दूध जातं कुठे? माझ्या डोक्यातलं ते गाव रोज आकार बदलायला लागलं. मुलाची आई इथल्या हॉस्पिटलात नर्स, वडील मालवाहू जहाजावर, कुठल्या समुद्रात ते त्यांनाच ठाऊक. एकदा फोनवर त्या आईने बायकोला सांगितलं, की लोलाचं तिकडे ‘सारी-सारी स्टोअर’ होतं. बायकोचे डोळे चमकले. साड्यांचं दुकान, आणि ते पण डबल. तिने कपाटातून पैठणी काढून उन्हात टाकली, म्हातारीला पारख असणार म्हणून. मग कळलं, सारी-सारी म्हणजे आपलं किराणा दुकान. शाम्पूची पुडी, अर्धा पाव साखर, सुटी सिगारेट. पैठणी परत घडी घालून आत गेली.

मग मुलीने खरं काय ते सांगितलं. लोला आता विमानात बसू शकत नाही. तिची इच्छा अशी, की लग्न तिच्या गावच्या चर्चमध्ये व्हावं. इथे आपल्या पद्धतीने करा, हवे तेवढे फेरे घ्या, पण एकदा तिच्यासमोर. आणि त्यांची रीत अशी, की मुलाकडच्यांनी जेवण घेऊन मुलीच्या घरी जायचं आणि मुलगी मागायची. बापाने स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं. बापाचा होकार कानांनी ऐकल्याशिवाय लोला चर्चच्या फादरकडे तारीख मागायला जाणार नाही.

“म्हणजे मी आणि तुझ्या आईने तिकडे यायचं,” मी म्हटलं.

“तुम्ही दोघं नाही आलात तर मी पण नाही जाणार. मग आम्ही इथे सिटी हॉलमध्ये साइन करू आणि लोलाला फोटो पाठवू.” आणि ती भांडी विसळायला गेली. आमची मुलगी कधी आपण होऊन भांडी विसळत नाही.

मला जायचं नव्हतं असं नाही. कुठे जायचं तेच कळत नव्हतं. गायींच्या गोकुळात, शिपायांच्या गावात, की किराणा दुकानात?

ठरल्या संध्याकाळी माय-लेक मुलगी मागायला आले. आई इवलीशी, पण हातात ट्रे एवढे, की त्यांच्यामागून ती दिसेना. लांबच लांब शेवया, आम्ही शाकाहारी म्हणून त्यातलं मांस वगळून केलेल्या. शेवई लांब तर आयुष्य लांब, म्हणाली. मी एक शेवई ओढायला घेतली ती वडे तळून होईपर्यंत संपेना. ‘पुतो’ नावाचे पांढरे वाफवलेले गोळे होते. बायको मला हळूच म्हणाली, “इडलीच आहे, साखर सांडलेली.” आमच्याकडून साबुदाणा वडे आणि ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेलं आम्रखंड. मुलगी काहीच खात नव्हती. माझ्याकडे बघून फक्त ओठांवर बोट ठेवत होती.

मग फोन साखरेच्या डब्याला टेकवून लोलाला लावला. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. गावात सिग्नल फक्त चौकात येतो, म्हणून लोला चौकात प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. आधी नुसतं कपाळ दिसलं, मग मागचं गाव. चर्च, पिवळ्या रंगाची म्युनिसिपालिटी, आणि तिच्यावर एक भलामोठा फ्लेक्स: मेयरसाहेबांचा हसरा फोटो, हात जोडलेले, जत्रेच्या शुभेच्छा. मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, माणसं आपलीच आहेत. बाजूला बास्केटबॉलचं मैदान होतं आणि त्यावर टोकापासून टोकापर्यंत भात वाळत घातलेलं. कोंबडे असे आरवत होते, की आमच्या शेजारच्या फ्लॅटचा कुत्रा भुंकायला लागला.

आणि लोलाच्या मागे माणसं. बायका, म्हातारे, कडेवर पोरं, ट्रायसिकलवर, म्हणजे तिकडच्या रिक्षांवर, बसलेले ड्रायव्हर, सगळे फोनमध्ये डोकावत होते.

“बघा,” मुलाची आई अभिमानाने म्हणाली, “सगळी बारांगाय आलीय.”

मी चष्मा लावला. पुढे झालो. माणसं होती, कोंबडे होते, एक डुक्कर झोपलं होतं. गाय एकही दिसेना. मला वाटलं, फोनच्या मागच्या बाजूला असतील. आणि पाहुण्यांच्या वैभवाची चौकशी करणं म्हणजे सभ्यपणाच की. मी अत्यंत आदराने इंग्रजीत म्हटलं, “लोला, गायी कुठे आहेत?”

मुलाच्या आईचा चेहरा बदलला. तिने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे, आणि हळू आवाजात भाषांतर केलं. त्यात एक शब्द मला स्पष्ट ऐकू आला: “बाका.” चौकात मागून कुणीतरी म्हणालं, “बाका?” मग दुसरा, “बाका.” बघता बघता सगळा चौक ‘बाका, बाका’ करायला लागला. मला वाटलं, यांना मराठी येतं, कारण प्रसंग खरोखरच बाका दिसत होता. त्यांच्या भाषेत बाका म्हणजे गाय, हे मला नंतर कळलं.

“बाबा,” मुलगी दातओठ खात म्हणाली, “व्हॉट काउज?”

“अगं, लोलाच्या बारा गाय. यानेच सांगितलं ना.”

मुलगा बघतच राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. “काका, बारांगाय म्हणजे वस्ती. गावाचा भाग. म्हणजे... शेजार.”

“वाडी,” बायको शांतपणे म्हणाली. “वाडी आलीय सगळी बघायला. आणि तुम्ही तिला गुरं मागितलीत.”

तोपर्यंत तिकडे चौकात मसलत सुरू झाली होती. वाडीचा प्रमुख, ज्याला ते कॅप्टन म्हणतात, लोलाच्या कानाशी वाकला होता. लोलाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. कोंबडेसुद्धा थांबले, मी शपथेवर सांगतो. मग ती सरळ माझ्याकडे बघत बोलली. मुलाच्या आईने मान खाली घालून भाषांतर केलं.

“ती म्हणते, गायी आमच्याकडे नाहीत. तुमच्याकडे मुलीसाठी गायी मागतात हे माहीत नव्हतं, माफ करा. तिच्याकडे एक म्हैस आहे. पुतण्याच्या शेतात नांगराला असते. वयस्कर आहे, पण स्वभावाने चांगली. ती तुमची.”

मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

“तिला सांग ना, गैरसमज झाला म्हणून,” मुलगी मुलाला म्हणाली.

“सांगितलं,” त्याची आईच म्हणाली. “ती म्हणते, शब्द दिला. कॅप्टनसमोर, सगळ्यांसमोर. आता मागे घेतला तर तिची शोभा काय राहणार? आणि म्हैस नको म्हणजे...” तिने वाक्य सोडून दिलं.

म्हैस नको म्हणजे नातं नको. घेतो म्हणजे म्हातारीच्या पुतण्याचा नांगर बंद. मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि आता ओठांवर बोट नव्हतं. मी काहीतरी बोलावं अशीच तिची इच्छा होती. माझ्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि मी बायकोकडे बघितलं.

“अहो,” बायको मराठीत पुटपुटली, “मान म्हणून घ्या, आणि तिथेच ठेवा. विहिणीच्या आहेराला हात लावून परत करतात, तसं.”

मी उभा राहिलो. फोनसमोर हात जोडले, मेयरसाहेबांच्या फ्लेक्ससारखे. “लोला, तुमची म्हैस मी मानाने स्वीकारली. ती तुमच्याकडेच राहील, तिला तिथल्या चिखलाची सवय आहे. पण मी पूल बांधणारा माणूस. स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय मी कुठलीच वस्तू ताब्यात घेत नाही. तेव्हा मी तिला बघायला येईन. ही पण येईल. मुलगी पण येईल.”

भाषांतर झालं. चौकात टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी ट्रायसिकलचा हॉर्न वाजवला. लोलाने डोळे पुसले आणि काहीतरी विचारलं.

“कधी येणार, विचारतेय,” मुलाची आई म्हणाली.

“लग्नाला,” बायको मला बोलायची संधी न देता म्हणाली. “आणखी कधी?”

मुलीने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. “बाबा, यू सेड येस.”

“मी म्हशीबद्दल बोलत होतो.”

“आय नो.”

आपण त्या दिवशी नेमकं कशाला हो म्हटलं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. लोला त्याच सकाळी फादरकडे जाऊन तारीख घेऊन आली. इकडे बायकोने तिकिटं बुक केली आणि पैठणी पुन्हा बाहेर काढली. नदीकाठच्या मंडळींना मी सांगितलं, की परदेशात आमचं पशुधन आहे. ते खोटं नाही, हे सांगताना मलाच चमत्कारिक वाटतं.

आणि दर रविवारी चौकातून फोन येतो. म्हशीने आज नांगराला जायचं की चिखलात बसायचं, हे लोला मालकाला, म्हणजे मला, विचारते. कायद्याने मी कोण, रीतीने मी कोण, मला काही कळत नाही. मी आपलं म्हणतो, वय झालंय तिचं, बसू दे. पुतण्या म्हणे माझ्यावर वैतागलाय. अर्धं शेत तसंच पडलंय. लग्नाला उतरलो की चर्चच्या आधी त्याचीच समजूत काढावी लागणार.