तिठ्यावरचा कौल

आमच्या तिठ्यावर जेसीबी येऊन उभा राहिला, त्या सकाळी आईने चहाचं आधण नेहमीसारखंच ठेवलं होतं. माझा कप मात्र तसाच गार झाला. आमचं दुकान राहणार की जाणार, ते दुपारपर्यंत कळायचं होतं. आणि ठरवणार कोण? तर समोरच्या बाजूचा एक काळा दगड!

दगड म्हटलं की आई डोळे वटारायची. तो गावाचा राखणदार. मालवणचा रस्ता, कुडाळचा रस्ता आणि आमच्या गावात उतरणारी वाट तिथे भेटायची, आणि डांबरी रस्ता त्याला वळसा घालून जायचा. एसटीचा ड्रायव्हरसुद्धा तिथे गाडी हळू करून छातीला हात लावायचा. गाडी थांबली की चार माणसं उतरायची, उतरली की आमच्याकडे चहा आणि उसळपाव. मासे विकायला निघालेल्या बायका आमच्याच दाराशी टोपल्या टेकवून गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. वडलांची भातशेती जेमतेम घरात खाण्यापुरती. माझं मालवणचं कॉलेज चालायचं ते या दुकानावर. दुकान गेलं की मी घरी बसणार, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं इतकंच.

दोन हजार सालाच्या जरा पुढे रस्ता रुंद करायचं निघालं. इंजिनिअर म्हणाला, "एका बाजूने जागा लागणारच. एक तर हा देव मागे सरकवा, नाही तर समोरचं दुकान जाईल. तुम्ही ठरवा." दुकान सरकारी जागेत, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती. गावकरी म्हणाले, "आमी कोण ठरवणारे? राखणदाराक इचारूक व्हया."

विचारायचं म्हणजे कौल लावायचा. फुलाच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आदल्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, "देव हललो तर आपला बरा होयत. तसा माग मा त्येच्याकडे."

"देवाक ऊठ म्हणान कोण सांगता गो?" तिने मलाच झापलं. रोज त्याच्यापुढे दिवा लावणारी तीच. माझं डोकं फिरलं. म्हटलं, बस मग दिवे लावत.

सगळा गाव जमला. इंजिनिअर जीपमध्ये घड्याळ बघत बसलेला. गावच्या म्हाताऱ्या मानकऱ्याने कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, तिठ्यार बसान तू गावाची राखण करतस. आता रस्तो मोठो करूचो आसा, तुका मागे बसवचो आसा. तुझी खुशी आसात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

कळ्या ढिम्म हलेनात. ऊन चढलं. माणसं आधी उभी होती, मग उकिडवी बसली. मी उजव्या कळीकडे इतकी टक लावून बघत होते की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पड गो बाये, पड. आई माझ्या शेजारी हात जोडून उभी, ओठ घट्ट मिटलेले.

तेवढ्यात कुडाळच्या बाजूने चिरे भरलेला ट्रक धडधडत आला. पायाखालची जमीन थरथरली. आणि उजवी कळी टपकन खाली पडली.

"व्हय म्हाराजा!" कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मला रडूच फुटलं. सुटलो एकदाचे!

"थांबा," आई म्हणाली. "ह्यो कौल खरो न्हय. ट्रकान पाडल्यान."

म्हातारा तिच्याकडे वळला. "बाये, तुझ्याच बाजूक लागलो मां?"

"म्हणानच सांगतंय. परत लावा."

मी तिचा पदर ओढला. "आये, तुका येड लागला काय?" तिने माझा हात झटकला. अख्ख्या गावाला चालत होतं, देवाची तक्रार नव्हती, इंजिनिअर तर जीपमधून उतरलासुद्धा होता. अडलं ते एकट्या हिचंच!

कळ्या परत लावल्या. या वेळी कुणाला ताटकळावं लागलं नाही. डावी कळी दगडावरून घसरली. "व्हय म्हाराजा" म्हणायलासुद्धा कुणाचं तोंड उघडेना. आईने नमस्कार केला, दुकानात आली आणि बरण्या उतरवायला लागली.

पुढच्या आठवड्यात दुकान गेलं. माझं कॉलेज सुटलं, मी कुडाळला कापडाच्या दुकानात उभी राहिले. आई काजूच्या कारखान्यात लागली. काजूच्या तेलाने तिची बोटं काळी पडली, सालं निघाली. रस्ता मात्र झक्क झाला. गाड्या सुसाट जायला लागल्या, एसटीचा थांबा पुढे नेला, आणि छातीला हात लावायला कुणाला फुरसत राहिली नाही. आईशी भांडण झालं की मी एकच विचारायची, कुणी सांगितलं होतं तुला तोंड उघडायला? मी तिला माफ केलं नव्हतं, खोटं कशाला बोलू?

दोन हजार दहाच्या सुमारास तिठ्यावर सर्कल करायचं ठरलं, मधोमध उंच दिव्याचा खांब. एका संध्याकाळी कुडाळहून येताना बसच्या खिडकीतून बघितलं, तर राखणदार जागेवर नाही. जेसीबीने उचलून त्याला गटाराच्या पलीकडे, भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पुढे एक फुटका नारळ.

घरी आले. आई पडवीत बोटांना खोबरेल चोळत बसली होती. मी सांगितलं.

"कौल काय पडलो?" तिने विचारलं.

"कौल लावकच नाय, आये."

"कोणीच इचारूक नाय?"

"नाय."

तिने काळी पडलेली बोटं पदराला पुसली. मग मान वर करून, मी मोठी कुणी असावी तसं तिने मला विचारलं,

"मगे माझा दुकान कित्याक गेला गो?"